जेसीबी येण्याआधी: उपनगरात रहिवासी संघ उभा करणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेला सगळे ‘गार्डनचा प्लॉट’ म्हणायचे. बिल्डरच्या माहितीपत्रकात ती हिरवी होती, पोरं तिथे क्रिकेट खेळायची, म्हणून ती आपलीच, एवढाच आमचा पुरावा. एका रविवारी सकाळी तिथे पत्रे ठोकले गेले, दुपारी जेसीबी आला आणि रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर तीनशे मेसेज झाले. सोमवारी आम्ही २३ जण नगररचना कार्यालयात धडकलो. तिथल्या बाईंनी शांतपणे फाइल काढली. त्या जागेचं आरक्षण (म्हणजे शहराच्या आराखड्यात ती कशासाठी राखून ठेवली आहे ते) बदलण्याची नोटीस १४ महिन्यांपूर्वी दोन वर्तमानपत्रांत छापून आली होती. मुदत एक महिन्याची. आलेल्या हरकती: शून्य.

त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. त्या महिन्यात आम्ही काय करत होतो? लिफ्टच्या देखभालीवरून भांडत होतो.

त्या सोमवारनंतर आमचा संघ उभा राहिला. माझं अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं. ते ‘तात्पुरतं’ होतं, त्याला आता बरीच वर्षं झाली. नव्या उपनगरात घर घेऊन हेच सगळं पहिल्यापासून करायला निघालेल्यांसाठी हा लेख आहे. सगळे दाखले महाराष्ट्रात लागू असलेल्या कायद्यांतले आहेत. आमच्या उपनगराचं नाव मुद्दाम घेत नाही.

१. सात माणसं शोधा, दोनशे नकोत

व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे संघ नव्हे. ग्रुपवर ‘हे थांबलंच पाहिजे’ लिहिणारे दीडशे असतात आणि मंगळवारी अकरा वाजता अर्ज द्यायला येणारे चार. ते चार ओळखा, त्यांना तीन जोडा. सात हा आकडा पुढे नोंदणीलाही लागतो.

सातांत कोण हवं? एक निवृत्त माणूस, कारण कार्यालयं कामाच्या दिवशीच उघडी असतात. नकाशा वाचता येणारा एक आर्किटेक्ट किंवा सिव्हिल इंजिनीअर. मराठीत सरळ अर्ज लिहिणारा एक. पैशाचा हिशोब पै-पैचा ठेवणारा एक. आणि एक तरी मूळ गावातला माणूस. याचं कारण सातव्या टप्प्यात येईल.

नोंदणीच्या मागे लगेच लागू नका. हरकत घ्यायला नोंदणीकृत संस्था असावी लागत नाही, कोणतीही व्यक्ती घेऊ शकते. शिवाय तुमच्या परिसरातल्या गृहनिर्माण संस्था आधीच नोंदणीकृत आहेत. त्यांच्याकडे लेटरहेड आहे, शिक्का आहे, कार्यकारिणी आहे. दहा सोसायट्यांनी आपापल्या कार्यकारिणीत ठराव करून दहा लेटरहेडवर पत्रं दिली, तर त्याचं वजन ‘समस्त रहिवासी’ अशा सहीच्या एका पत्राहून कितीतरी जास्त पडतं.

२. कोणता प्रश्न कोणाच्या दारात, हे एका कागदावर लिहून काढा

नवखा माणूस इथे सगळ्यात जास्त चपला झिजवतो. रस्त्यावर खड्डा पडला की आपण ‘महापालिका’ म्हणतो. पण तो रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे आधी शोधावं लागतं. विजेचा खांब महावितरणचा, पदपथावरचा दिवा महापालिकेचा. सिग्नल कुठे हवा यावर वाहतूक पोलिसांचं मत लागतं, बसवण्याचा खर्च दुसऱ्याचा.

गावं महापालिकेत येतात तेव्हा हा गुंता आणखी वाढतो. पुण्याचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, जून २०२१ मध्ये आणखी २३. पण या २३ गावांसाठी नियोजन प्राधिकरण, म्हणजे आराखडा आणि बांधकाम परवानगी पाहणारी संस्था, म्हणून शासनाने तेव्हा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणालाच (पीएमआरडीए) ठेवलं. म्हणजे वाघोलीचा किंवा सूसचा माणूस कचऱ्यासाठी एका दारात जायचा आणि शेजारच्या बांधकामाच्या परवानगीसाठी दुसऱ्या. तुमच्या गावाची अशी स्थिती आज काय आहे, हे राजपत्रातल्या अधिसूचनेवरून पक्कं करा, चहाच्या टपरीवरून नको.

महापालिकेच्या आतही दारं वेगळी असतात. गटाराचं झाकण, झाडलोट, छोटी दुरुस्ती क्षेत्रीय कार्यालयात. मोठा रस्ता पथ विभागात, सांडपाण्याची मोठी वाहिनी मलनिस्सारणाकडे, आरक्षण आणि आराखडा नगररचनेत, इमारतीची परवानगी बांधकाम विभागात. प्रत्येक खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याचं आणि उपअभियंत्याचं पदनाम लिहून ठेवा. माणसं बदलतात, पदनाम राहतं.

नगरसेवकांना भेटा, पण सगळं त्यांच्यावर सोडू नका. पुण्यात मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर कितीतरी काळ प्रशासकच कारभार पाहत होते. ज्या संघांना फक्त नगरसेवकाचा दरवाजा ठाऊक होता, त्यांना त्या काळात कुठे जायचं तेच कळेना.

३. विकास आराखडा हातात घ्या आणि परिसर पायी फिरा

बाकी काही जमलं नाही तरी हे करा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रत्येक शहराचा विकास आराखडा असतो. कुठून किती मीटरचा रस्ता जाणार, कुठे शाळा, कुठे मैदान, कुठे दवाखाना, कुठला भाग निवासी आणि कुठला शेती, सगळं त्यात असतं. डीपी (डेव्हलपमेंट प्लॅन) रस्ता म्हणतात तो यातलाच.

लागणारी कागदपत्रं:

- परिसरातल्या जमिनींचे सर्व्हे नंबर किंवा गट नंबर (सातबारा महाभूलेखवर पाहता येतो)
- त्या नंबरांसाठी आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला (जमीन निवासी की शेती ते सांगणारा), नगररचना विभागातून शुल्क भरून
- आराखडा मंजूर झाल्याची अधिसूचना, तारखेसकट
- शेजारच्या चालू प्रकल्पांचे मंजूर नकाशे, महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरून
- आराखड्याला लागू असलेली बांधकाम नियमावली (मुंबई आणि काही भाग सोडून बहुतेक महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत नियमावली आहे)

मग नकाशा घेऊन एका सकाळी चालत निघा. आम्ही गेलो तेव्हा २४ मीटरच्या डीपी रस्त्यावर म्हशींचा गोठा निघाला, शाळेच्या आरक्षणावर मंगल कार्यालय, आणि ज्याला आम्ही नाला समजत होतो तो नकाशात दुप्पट रुंद होता. प्रत्येक जागेचा फोटो काढला, मागे तारीख आणि गट नंबर लिहिला. आमची खरी ताकद आजही ती वही आहे.

इथले खड्डे तीन. पहिला, माहितीपत्रकातला हिरवा रंग. ती बाग बिल्डरच्या लेआउटमधली मोकळी जागा असू शकते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात साधारण १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. किंवा ते महापालिकेचं आरक्षण असेल, किंवा नुसतीच शेजाऱ्याची पडीक जमीन. तिन्हींसाठी लढण्याची वाट वेगळी. दुसरा, प्रारूप (म्हणजे कच्चा) आराखडा आणि मंजूर आराखडा यांची गल्लत. इंटरनेटवर फिरणारा नकाशा बहुधा प्रारूप असतो, आणि प्रारूप रद्दही होतो. मुंबईचा २०१५ च्या फेब्रुवारीत आलेला प्रारूप आराखडा चुकांवरून इतका गाजला की एप्रिलमध्ये सरकारने तो मागे घ्यायला लावला. सुधारित आराखडा २०१६ मध्ये आला आणि शेवटी सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

तिसरा खड्डा सगळ्यात खोल. आरक्षण कायमचं नसतं. कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू होऊन १० वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही, तर मालक ‘जमीन विकत घ्या’ अशी खरेदीची नोटीस प्राधिकरणाला देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. मालकाला त्या जागेवर आजूबाजूच्या जमिनीप्रमाणे बांधकाम करता येतं. म्हणून आराखडा मंजूर झाल्याची तारीख भिंतीवर लिहा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे त्यातल्या आरक्षणांची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. तुमच्या मैदानाची कधी भरतात? नवव्या वर्षी ‘या आरक्षणाच्या संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद करा’ असं पत्र गेलं, तर काही होण्याची आशा असते. अकराव्या वर्षी गेलं, तर नसते.

४. नोटिशींवर पाळत ठेवा

आमच्या संघात एक आजोबा आहेत. ते रोज दोन मराठी वर्तमानपत्रांच्या जाहीर नोटिसांची पानं वाचतात, भिंग घेऊन. महापालिकेच्या आणि नगररचना संचालनालयाच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा नजर टाकायचं काम दुसऱ्या एका ताईंकडे. हे काम वाटून दिलं नाही तर कोणीच करत नाही.

कशाची मुदत किती, हे पाठ हवं:

प्रारूप विकास आराखडा (कलम २६): साधारण ३० दिवस, दहा लाख आणि त्याहून जास्त वस्तीच्या महापालिकांत ६०. नोटिशीत छापलंय तीच मुदत धरा.

मंजूर आराखड्यातला छोटा फेरबदल, म्हणजे आरक्षण बदलणं, रस्ता सरकवणं (कलम ३७): एक महिना. आमचा घात इथेच झाला. प्रारूप आराखड्याच्या वेळी गाजावाजा होतो, वर्तमानपत्रं लिहितात. कलम ३७ ची नोटीस मात्र कोपऱ्यात, लग्नाच्या वाढदिवसाच्या जाहिरातीशेजारी येते.

झाडं तोडण्याची नोटीस: सात दिवस. ती झाडावरही चिकटवलेली असते. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना सांगून ठेवा की झाडावर कागद दिसला की आधी फोटो, मग घर.

५. हरकत लिहिताना

पहिल्या वेळी आम्ही एकच मजकूर टाइप करून चारशे जणांच्या सह्या घेतल्या. छाती फुगवून चार गठ्ठे दिले. सुनावणीला सगळ्यांना मिळून एकच वेळ मिळाली, आणि बोलायला एकच माणूस. संख्या वाया गेली असं म्हणणार नाही, पण मुद्दा एकच मोजला गेला.

आता आम्ही असं करतो. प्रत्येक सोसायटी वेगळा मुद्दा घेते. शाळेशेजारची सोसायटी शाळेच्या गर्दीबद्दल लिहिते, नाल्याकाठची पुराबद्दल, टँकरवर जगणारी पाण्याबद्दल. ‘पर्यावरणाचा ऱ्हास’ वगैरे भाषणबाजी नको. अर्जाचा साचा असा:

प्रति, नियोजन प्राधिकरणाचं पूर्ण पदनाम. विषय: अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या नोटिशीस हरकत. गट नंबर. आमचं त्या जागेशी नातं काय. प्रस्तावित बदल काय. त्यामुळे नेमकं काय बिघडतं, मोजून. आमची सूचना काय. सुनावणीची संधी मिळावी ही विनंती. सोबत नकाशाची प्रत आणि फोटो.

‘आमची सूचना काय’ हा भाग कधीही गाळू नका. कायद्यातला शब्दच हरकती व सूचना असा आहे. रस्ता नकोच म्हणणाऱ्याचं कोणी फारसं ऐकत नाही. रस्ता शंभर फूट उत्तरेला घेतला तर नाल्यावर पूल लागणार नाही, असं सांगणाऱ्याचं समितीतला तज्ज्ञ लिहून घेतो. प्रारूप आराखड्याच्या हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे सदस्य आणि शासनाने नेमलेले तज्ज्ञ दोन्ही असतात. तुमचा कागद तज्ज्ञांसाठी लिहा.

सुनावणीला दोन-तीन मिनिटं मिळतात. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. हे मराठी माणसाला अवघड जातं, घरी तालीम करा.

आणि पोच! अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवून जा’ म्हणाले तर हसून ‘आवक कुठे आहे?’ विचारा. ईमेल पाठवलीत तरी कागद द्याच.

६. माहितीचा अधिकार: कमी विचारा, नेमकं विचारा

अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. महाराष्ट्राच्या नियमांत आणखी एक मेख आहे: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. आमचा पहिला अर्ज अडीच पानांचा होता. तो कसा परत आला हे सांगायला नको.

अर्ज संघाच्या नावाने नको, एका व्यक्तीच्या नावाने द्या. कायद्यात हा अधिकार नागरिकाला दिलेला आहे.

‘का’ विचारू नका. ‘रस्ता का झाला नाही?’ याला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. ‘अमुक गट नंबरमधील डीपी रस्त्याच्या भूसंपादनाच्या नस्तीतील टिपणीची प्रत द्यावी’ याला आहे (नस्ती म्हणजे फाइल). त्याहून उत्तम म्हणजे अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची मागणी. पहिल्या तासाला शुल्क नसतं. फाइल समोर आली की कोणतं पान हवं ते कळतं, आणि न मागितलेलंही बरंच वाचायला मिळतं.

शेजारी मोठा प्रकल्प येत असेल आणि बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर त्याला पर्यावरण मंजुरी लागते. ते पत्र केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या पर्यावरण मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावर शोधा. पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, किती झाडं लावणार, या अटी त्यात लिहिलेल्या असतात. दर सहा महिन्यांनी विकासकाने अनुपालन अहवाल द्यायचा असतो. ‘आम्हाला त्रास होतोय’ या तक्रारीपेक्षा ‘मंजुरीतली अमुक क्रमांकाची अट पाळलेली नाही’ या तक्रारीला उत्तर देणं भाग पडतं.

७. गाववाले आणि सोसायटीवाले

हा टप्पा कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही, पण निम्मे संघ इथेच मोडतात.

आम्ही दोन वर्षं डीपी रस्त्यासाठी पत्रं दिली, मोर्चा काढला, काळ्या फिती लावल्या. मग एक दिवस रस्त्याच्या मधल्या जमिनीचे मालक, सत्तरीचे काका, आमच्या गेटवर आले. म्हणाले, “ताई, तुमचा रस्ता माझ्या गोठ्यातनं जातो. मला कुनी इचारलं?”

खरंच कोणी विचारलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. आमची समजूत अशी की आराखड्यात रस्ता आहे, निधी मंजूर आहे, मग अडलंय कुठे? अडलेलं असतं भूसंपादनात. जमीन घेताना प्राधिकरणाची रोख मोबदला द्यायची तयारी नसते. ते टीडीआर किंवा चटईक्षेत्र (उरलेल्या जमिनीवर जास्त बांधण्याची मुभा) देऊ करतात. टीडीआर म्हणजे दुसरीकडे बांधण्याचा हक्क, कागदावरचा. बिल्डरला तो हवा असतो. ज्याच्या घरात मुलीचं लग्न आहे आणि भावांत वाटणी झालेली नाही, त्याला तो विकायचा कसा हेही माहीत नसतं. म्हणून उपनगरातले रस्ते तुकड्या-तुकड्यांनी होतात: बिल्डरच्या दारापुढे काँक्रीट, शेतकऱ्याच्या बांधापाशी माती.

आम्ही काकांकडे चहाला गेलो. मग त्यांच्या भावकीकडे. त्यांना रस्ता नको नव्हता, रोख मोबदला हवा होता आणि गोठ्यापुरती जागा. पुढचं पत्र आम्ही आणि त्यांनी मिळून दिलं: संपादनाची तरतूद करा, मोजणी करा. मोजणी झाली. रस्ता अजून अर्धाच आहे, पण काका आता बैठकीला येतात आणि पाणी, ड्रेनेज, स्मशानभूमीचा रस्ता हे गावाचे प्रश्न आमच्या यादीत आले. ते आधी नव्हते, याची लाज वाटते.

उलट बाजूचा खड्डाही सांगते. गावातल्या एका गटाशी फार जवळीक झाली की दुसरा गट तुटतो, आणि निवडणूक आली की संघाचा फलक कोणाच्या तरी प्रचाराला लागतो. आमच्या नियमावलीत एक ओळ आहे: निवडणूक लढवणाऱ्याने अर्ज भरायच्या दिवशी कार्यकारिणीचा राजीनामा द्यायचा. ती ओळ दोनदा कामाला आली.

८. अंदाजपत्रक

छोट्या कामांसाठी, म्हणजे पदपथ, बाकं, दिवे, बसथांबा, भांडायची गरज नसते. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची सोय आहे. अर्ज पावसाळ्याच्या शेवटी मागवतात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या कामाचा विचार गणपतीच्या आधी व्हायला हवा. तुमच्या महापालिकेत अशी सोय नसेल, तरी अंदाजपत्रक तयार होण्याच्या काळात क्षेत्रीय कार्यालयात कामांची यादी देऊन ठेवा. मार्चमध्ये दिलेल्या यादीचा उपयोग नाही.

९. नोंदणी आणि पैसा

वर्ष-दीड वर्ष टिकलात, तर नोंदणी करा. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अशी दोन्ही नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. लागतं ते: संस्थेची घटना आणि नियमावली, किमान सात सभासदांची ओळखपत्रं आणि पत्ते, स्थापनेच्या सभेचा ठराव, कार्यालयाच्या जागेचा पुरावा आणि जागामालकाचं संमतीपत्र.

नोंदणीनंतरचं काम लोक विसरतात. दरवर्षी हिशोब तपासून घ्यायचे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. तो दिला नाही तर कागदोपत्री जुनीच मंडळी कायम राहतात, त्यातले दोघे अमेरिकेला मुलाकडे गेलेले असतात, आणि बँक म्हणते सही त्यांचीच हवी.

वर्गणी घरटी घेण्यापेक्षा सोसायटीमार्फत घ्या, पावती द्या. बिल्डरकडून देणगी घेऊ नका, गणपतीच्या मंडपासाठीसुद्धा.

१०. कोर्टात जायचंच असेल तर

पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या मुदती कडक आहेत. पर्यावरण मंजुरीविरुद्धचं अपील ३० दिवसांत, उशिराला पुरेसं कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत. इतर पर्यावरणीय वादांसाठी सहा महिने, त्यावर तसेच ६० दिवस. म्हणजे ‘आधी साहेबांना भेटून बघू’ करत वर्ष घालवलंत, तर वकील पहिल्याच भेटीत हात जोडतात. वकिलांकडे जाताना ती फोटोंची वही, शिक्क्याच्या प्रती आणि ठरावांची इतिवृत्तं तारखेनुसार लावून न्या. आमच्या वकीलबाईंनी फीमधले चार पैसे त्या वहीमुळेच कमी केले, असं त्या स्वतः म्हणाल्या.